एक्सोस्केलेटनवर चालण्याचा सराव : अपेक्षा किती ठेवावी?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाच्या मज्जारज्जूला छातीच्या १०व्या मणक्याच्या पातळीवर पूर्ण इजा (म्हणजे त्याखालच्या भागात हालचाल व संवेदना न उरलेली) होऊन १४ महिने झाले आहेत. फिजिओथेरपिस्टनी रोबोटिक एक्सोस्केलेटनचा, म्हणजे पायांना बाहेरून पट्ट्यांनी बांधायच्या मोटारीच्या सांगाड्याचा, सराव सुचवला आहे. त्यामुळे पायांत हालचाल परत येईल, अशी आशा त्याने धरावी का?

उत्तर १ : इजा पूर्ण असल्यास ती आशा या यंत्रावर ठेवू नये, असे मला मनापासून वाटते. वापरणाऱ्याने धड पुढे झुकवले की सेन्सर ते ओळखतात आणि खुबा व गुडघ्याजवळील मोटारी पाऊल पुढे टाकतात. म्हणजे चालवते ते यंत्र, आणि तोल कुबड्यांच्या आधाराने स्वतःलाच सांभाळावा लागतो. अपूर्ण इजेत मात्र शिल्लक मज्जातंतूंना वारंवार सराव मिळत असल्याने चाल सुधारण्यास वाव असतो.

उत्तर २ : सुरू करण्यापूर्वी हाडांची घनता अवश्य तपासून घ्या, कारण भार न पडल्याने पायांची हाडे ठिसूळ होतात आणि सरावात अस्थिभंग झाला तरी संवेदनेअभावी तो लगेच कळत नाही. उभे राहिल्यावर रक्तदाब घसरतो का, सांधे आखडले आहेत का, हेही पाहावे. प्रत्येक सत्रानंतर पट्ट्यांखालची त्वचा न्याहाळावी.

उत्तर ३ : मी स्वतः हा सराव करतो. पायांतला ताठरपणा आणि बद्धकोष्ठता कमी झाली. व्हीलचेअर मात्र सुटलेली नाही.