रेडमधून डिस्क सारखी बाहेर पडते, टाइमआउट वाढवू का?

देवगडला आंब्याच्या पेढीवर हिशोबाचा लिनक्स सर्व्हर आहे, दोन साध्या डेस्कटॉप डिस्क रेड १ मध्ये (दोन्हींवर तोच डेटा), दर आठवड्याला एक बाहेर फेकली जाते नि सीझन तोंडावर आलाय, काय करू?

गुहागरकर: लिनक्स डिस्कला दिलेल्या कमांडसाठी ३० सेकंदच थांबतं, आणि साधी डिस्क खराब सेक्टर वाचायला मिनिटभराहून जास्त झटत बसते, मग लिनक्स डिस्क रिसेट करतं नि रेड तिला बाहेर काढतं. सिसएफएसमध्ये (/sys, लिनक्सच्या सेटिंगच्या फाइली) त्या डिस्कच्या डिव्हाइस फोल्डरात टाइमआउट फाइल आहे, तिच्यात १८० लिही. रीबूटनंतर जातं, युडेव्ह रूल टाक, म्हणजे डिस्क दिसली की आपोआप लागेल.

मालवणी: थांब रे, आधी बॅकअप घे! मग स्मार्टसीटीएलने (डिस्क तपासायची कमांड) ईआरसी, म्हणजे खराब सेक्टरवर डिस्कने किती वेळ झटायचं याची मर्यादा, चालतं का बघ, चालत असेल तर ७० दे, म्हणजे ७ सेकंद, मग ३० पुरतात.

देवगडवाला: ईआरसी नाही, १८० केलं. पेंडिंग सेक्टर (वाचता न आलेले) दिसतायत, नवीन डिस्क मागवतो.