हलक्या प्रतीचं क्रोमाइट (क्रोमियमचं खनिज) भाजून लोखंड काढावं की तसंच वितळवावं?

उद्यमबागचा मोल्डर: आपल्याकडं हाय-क्रोम कास्टिंग ओतणाऱ्यांना फेरोक्रोम (क्रोमियम-लोखंडाचा मिश्रधातू) लागतंच, आणि देशातलं ९० टक्क्यांवर क्रोमाइट ओडिशाच्या सुकिंदा खोऱ्यात हाय. हलक्या मालात लोखंड जास्त. पाण्यावर धुतलं तर माती-सिलिका जाते पण लोखंड काय जात नाही ओ, कारण ते स्फटिकाच्या आतच बसलंय. म्हणून माझं ठाम मत, कोळशाची भुकटी मिसळून ११००-१२०० डिग्रीला भाजा, लोखंडाचा ऑक्साइड आधी फुटतो (ऑक्सिजन सोडतो), क्रोमियमचा तग धरतो, मग सुटलेलं लोखंड ॲसिडनं काढून टाका. नाहीतर ओडिशापासनं बेळगावपर्यंत आपण लोखंडाचं भाडं भरत बसतोय.

खानापूरकर: नाही पटलं. २७ टक्के क्रोमचं कास्टिंग घेतलं तरी बाकीचं बहुतेक लोखंडच की! तिकडं लोखंड काढून फेकायचं आणि इकडं चार्जमध्ये (भट्टीत घालायच्या मालात) स्क्रॅप घालायचं? ५०-५५ टक्क्यांचं चार्ज क्रोम (कमी क्रोमचं फेरोक्रोम) घ्या, काम होतंय. आणि ॲसिडचं पाणी कुठं सोडणार? सुकिंद्यात दमसाला नाल्याचं काय झालं बघा, हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप) पाण्यात उतरलं. मलप्रभा आमच्या कणकुंबीत उगम पावते, पाण्याचं दुखणं आम्हाला कुणी शिकवायला नको.

उद्यमबागचा मोल्डर: पाण्याची काळजी रास्त हाय. पण भट्टीत हेक्साव्हॅलंट होतं ते हवा आणि चुना-सोडा असला तर, इथं कोळसा घालून हवा तोडायची असते, दोन्ही एकात धरू नका.

हिंडलग्याची मेटलर्जीवाली: दादा, भाजणं तुम्ही सोपं करून सांगताय. तापमान फार चढलं की क्रोमियमपण फुटून कार्बाइड (कार्बनशी जुळलेलं संयुग) होतं आणि लोखंडाबरोबर धुवून जातं, म्हणजे जे वाचवायचं तेच गेलं. चुंबकानं काढू म्हणाल तर लोखंडाचे कण इतके बारीक, दाण्यातच अडकलेले, की आधी दळावं लागतं. त्यात गरम माल हवेत गार केला की लोखंड परत गंजतं. मला विचाराल तर पेलेट (बारीक मालाच्या गोळ्या) करा, भाजा, आणि गरमच आर्क भट्टीत टाका. फेरोक्रोमच्या टनाला ३०००-४००० युनिट वीज खाणारी भट्टी ती, अर्धं काम आधीच झालेलं असलं तर बिल खाली येतं. ॲसिड नकोच.

खानापूरकर: पेलेटपर्यंत मान्य ताई.

उद्यमबागचा मोल्डर: मग लोखंड आतच राहिलं की. ६० टक्क्यांच्या वरचं फेरोक्रोम हवं असलं तर खनिजात क्रोमियम-लोखंडाचं गुणोत्तर ३ च्या आसपास लागतंय, ते पेलेटनं कसं येणार?

हिंडलग्याची मेटलर्जीवाली: नाही येणार. त्यासाठी भारी प्रतीचं खनिज मिसळायचं, हलकं एकटं नाही घालायचं.