परदेशातून मूल दत्तक: मध्येच सगळं थांबलंय

प्रश्न: मुलीशी जुळणी झाली, फोटोही आला आणि त्या देशाने नियमच बदलले. आता काय करावं?

उत्तर: ताई, चीनने २०२४ मध्ये परदेशी दत्तक बंद केलं, तेव्हा जुळणी झालेली कुटुंबंही अडकली. एजन्सीच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका. परदेशी दत्तकाबाबतच्या १९९३ च्या हेग या आंतरराष्ट्रीय करारातल्या कलम १७ नुसार दोन्ही देशांच्या केंद्रीय प्राधिकरणांची (दत्तकाचं काम पाहणाऱ्या सरकारी यंत्रणांची) दत्तकाला संमती झालीय का, ते लेखी विचारा.

उत्तर: आमचा मुलगा पाच वर्षांचा असताना आला. रात्री रडत काहीतरी सांगायचा, आम्हाला एक शब्द कळायचा नाही. फार जीव तुटायचा. तुमच्या मुलीची भाषा आत्ताच शिकायला घ्या. जन्मदात्यांची मिळेल ती माहितीही मागून ठेवा, मोठी झाली की ती विचारणारच.

प्रश्नकर्ती: आजच पत्र लिहिते.