लालिबेला वेरूळच्या कारागिरांनी कोरलेलं नाही

कातळवेडा
काल एक पोस्ट फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. इथिओपियातल्या लालिबेलाच्या ११ दगडी चर्चचे फोटो, आणि खाली लिहिलंय की हे आपल्या कैलास लेण्यासारखंच वरून खाली कोरलंय, आफ्रिकेत अशी विद्या नव्हती, म्हणजे वेरूळचेच कारागीर तिकडे गेले असणार. खाली अभिमान-अभिमान म्हणून रांग लागलीय. रात्रभर डोक्यातून गेलं नाही म्हणून लिहितोय, लांबणार आहे.

कैलास आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या वेळचं. ही चर्च ज्याच्या नावावर सांगतात त्या लालिबेला राजाचा काळ बाराव्या शतकाची अखेर ते तेराव्याची सुरुवात. मधे चारशे वर्षं आहेत हो! आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथल्या बेते अमानुएल चर्चची भिंत नीट बघा, आडवे पट्टे दिसतील, एक पुढे एक मागे. अखंड कातळात असे पट्टे काढायची काहीच गरज नसते. ही नक्कल आहे जुन्या अक्सुमी, म्हणजे इथिओपियातल्याच प्राचीन अक्सुम राज्यातल्या बांधकामाची, ज्यात दगड आणि लाकडी तुळया आलटून पालटून रचायचे. तशी खऱ्या लाकडाची भिंत देब्रे दामोच्या मठात अजून उभी आहे. अक्सुमच्या मोठ्या स्तंभांवर तर मजल्यावर मजले असलेलं अख्खं घर कोरलंय, तळाला खोटं दार, वर खिडक्या आणि ओळीने तुळयांची गोल टोकं, त्यांना 'माकडाची डोकी' म्हणतात. हे स्तंभ कैलासच्या कितीतरी आधीचे. आपल्याकडे कार्ल्याच्या चैत्यात छताला लाकडी फासळ्या आहेत ना, ज्यांच्यावर कसलाच भार नाही, नुसती जुन्या लाकडी घराची आठवण? तसंच हे. त्यांनी त्यांचं घर दगडात उतरवलं, आपण आपलं.

दर्यावर्दी
ती पोस्ट मी पुढे पाठवली होती म्हणून बोलतो. ज्या देब्रे दामोचं नाव घेताय तिथेच शंभरएक कुषाण सोन्याची नाणी सापडलीत, ते का नाही सांगितलं? पेरिप्लसमध्ये, म्हणजे त्या जुन्या ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत, अक्सुमचं तांबड्या समुद्रावरचं अडुलिस बंदर आहे आणि आपलं कल्याण, चौल, भडोचही आहे. शेकडो वर्षं गलबतं येत-जात होती तर माणसं येणार नाहीत का? आपल्याकडच्या कुणी आपल्या लोकांबद्दल चांगलं म्हटलं की लगेच पुरावा मागायचा आणि युरोपियनांनी काही म्हटलं की मान डोलवायची, याची मला मनापासून चीड आहे.

कातळवेडा
नाणी सापडलीत, मान्य. पण ती लालिबेलाच्या हजारएक वर्षं आधीची आहेत, आणि नाणं व्यापाऱ्याच्या कनवटीला बांधून येतं, त्याच्याबरोबर पाथरवट येतोच असं नाही. माझा राग 'आफ्रिकेत अशी विद्या नव्हती' या वाक्यावर आहे. अक्सुमचे राजे तिसऱ्या शतकापासून स्वतःची सोन्याची नाणी पाडत होते. चौथ्या शतकात एझाना राजाने गीझ (तिथली जुनी भाषा), सबाई (दक्षिण अरबस्तानातली) आणि ग्रीक अशा तीन भाषांत शिलालेख कोरून घेतले. त्यांना विद्या नव्हती?

मुरुडकर
हबशांचं एवढं कौतुक चाललंय म्हणून विचारतो, जंजिऱ्याच्या सिद्दीने कोकणाचं काय केलं ते कुणी लिहिणार का? १७२७ साली चिपळूणजवळच्या परशुराम देवस्थानाची सिद्दी सातने काय गत केली ते वाचा आधी. माझं आजोळ मुरुडचं, दारातून जंजिरा दिसतो, महाराजांनी समोर पद्मदुर्ग बांधला तो उगाच नाही.

खडकीवाली
विषय काय, तुम्ही बोलताय काय! आणि सगळे हबशी एका माळेत? मलिक अंबर पण तिकडचाच, चापू नावाचं पोर गुलाम म्हणून विकलं गेलं आणि शेवटी निजामशाहीचा कारभार त्याच्या हातात आला. आमचं औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर), तेव्हाची खडकी, १६१० मधे त्याने वसवलं. त्याने खापराच्या नळांतून डोंगराकडचं पाणी गावात आणलं, ती नहर माझ्या आजीने वाहती बघितलीय. आज आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं आणि त्यासाठीसुद्धा रात्री उठून बसावं लागतं. १६२४ ला भातवडीला शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले आणि त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले, हे पण वाचा कधीतरी.

मुरुडकर
शहाजीराजे निजामशाहीचे चाकर म्हणून लढले, अंबरच्या प्रेमाने नाही. आणि मला इतिहास शिकवू नका.

देसीची मुलगी
दोघेही जरा थांबा. माझे बाबा १९६९ ते ७५ इथिओपियातल्या देसी नावाच्या गावात गणित शिकवायचे, तेव्हा भारतातून पुष्कळ शिक्षक जायचे. शेजारच्या बाई दुपारी जमिनीवर हिरवं गवत पसरायच्या, कच्चे कॉफीचे दाणे तव्यावर भाजायच्या आणि तो धुराचा तवा प्रत्येकाच्या नाकाशी आणायच्या, हाताने धूर ओढून घ्यायचा. मग मातीच्या जेबेनातून (कॉफीच्या सुरईतून) तीन फेऱ्या, अबोल, तोना, बरका. तिसरी न घेता उठणं म्हणजे त्यांचा अपमान. बुधवार-शुक्रवार त्यांचा उपास, त्या दिवशी शिरो करायच्या, अगदी आपलं पिठलं, आणि इंजेरा म्हणजे टेफ या तिथल्या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाची, एकाच बाजूने भाजलेली मोठी जाळीदार आंबोळी. आई म्हणायची, इथे मला परकं वाटतच नाही. त्या बाई छातीवर हात ठेवून सांगायच्या, आम्ही हबेशा. आणि आम्ही परत आल्यावर इथल्या शाळेत मुली मला 'हबशीण' म्हणून चिडवायच्या, वर्षभर. तिकडे ज्या शब्दाचा अभिमान होता तोच इथे शिवी झाला होता, म्हणून वरच्या प्रतिसादात तो वाचला आणि हात थरथरले.

पठारावरचा
ताईंचा अनुभव खरा, पण एक सांगतो. हबेशा म्हणजे मुख्यतः उत्तरेकडचे अम्हारा आणि तिग्राय लोक, ओरोमो हा तिथला दुसरा मोठा समाज, त्यातले बरेच स्वतःला तसं म्हणवत नाहीत. इथिओपियाचा सम्राट मेनेलिक याने १ मार्च १८९६ ला अदवाला इटलीला धूळ चारली हे मोठंच, पण त्यानेच दक्षिणेकडचे मुलूख तलवारीने जोडले. ओरोमोंची गदा पद्धत, दर आठ वर्षांनी सत्ता पुढच्या पिढीगटाकडे, हाही वारसाच. पूर्वेकडच्या हरार शहराच्या कोटात ८२ मशिदी आहेत. तुम्ही सगळे चर्चपाशीच अडकलात.

कातळवेडा
खरंय, मी चर्चपाशी अडकलो. पण दर्यावर्दी, आपल्याकडून तिकडे काय गेलं हेच बघायचं असेल तर १८६८ ची इंग्रजांची इथिओपियावरची स्वारी बघा. मुंबईच्या फौजेचा सेनापती नेपियर, बोटीतून नेलेले ४४ हत्ती, हजारो हिंदी शिपाई, आणि मक्दालाचा किल्ला. तिथल्या टेवोड्रोस राजाने स्वतःला गोळी घालून घेतली. हस्तलिखितं, मुकुट, चर्चमधले ताबोत (वेदीवरच्या पवित्र पाट्या), ही लूट १५ हत्ती आणि २०० च्या आसपास खेचरांवर लादून खाली आणली. राजाचा सात वर्षांचा मुलगा इंग्लंडला नेला, तो अठराव्या वर्षी तिकडेच गेला. कारागीर गेल्याची एक खूण नाही, लुटायला गेल्याची यादी आहे.

दर्यावर्दी
मक्दालाचं माहीत नव्हतं. पण ते शिपाई पोटासाठी गेले होते, लूट इंग्रजांची, त्यांच्या माथी मारू नका. माझे पणजोबाही फौजेतलेच.

कातळवेडा
शिपायांना दोष देत नाहीये. पण हत्ती आपले होते एवढं तरी म्हणू दे.

दर्यावर्दी
म्हणा. 'विद्या नव्हती' हे वाक्य पुढे पाठवायला नको होतं, ते काढतो. कारागिरांपुढे प्रश्नचिन्ह टाकतो, याहून जास्त नाही. कुषाण नाण्यांवर वेगळा धागा काढणार आहे, तिथे या.

मुरुडकर
ताई, शाळेत तुमच्याशी वागले ते वाईटच. तो शब्द आमच्या घरात सर्रास वापरतात, मीही वापरतो, आता तोंडात आला की तुमचं आठवेल. अंबर वेगळा, सिद्दी वेगळा, हेही ठीक. जंजिऱ्याबद्दलचा मात्र एक शब्द मागे घेणार नाही.