'तिकीट' शब्द इंग्रजीत कुठून आला?

नौपाड्याची आई: काल ठाणे स्टेशनला रांगेत लेकीनं विचारलं. १८५३ साली पहिली गाडी बोरीबंदरहून आपल्या ठाण्यालाच आली, एवढं सांगता आलं. शब्दाचं मात्र अडलं. कुणाला माहीत आहे?

कोपरीकर: ताई, फ्रेंचमधून. जुन्या फ्रेंचमध्ये चिकटवलेल्या चिठ्ठीला 'एस्तिकेत' म्हणत. सुरुवातीचा स्वर गळून सोळाव्या शतकात इंग्रजीत 'टिकेट' झालं. गंमत पुढे आहे: अठराव्या शतकात तोच शब्द फ्रेंचमधून पुन्हा आला, 'एटिकेट' म्हणून, म्हणजे शिष्टाचार! मूळ धातू जर्मानिक, चिकटवण्याचा. इंग्रजी 'स्टिक' त्याच घरातला.

नौपाड्याची आई: म्हणजे 'स्टिकर'ही भावकीतलाच! आणि टपालाचं तिकीट तर आपण खरोखर चिकटवतो. आज झोपताना हेच सांगते तिला.

कळव्याचा दादा: मराठीनं 'ट'चा 'त' करून किती मऊ केलाय हा शब्द!