पाचव्या तासानंतरचे व्हेप: शाळेला सांगावे की नाही?

एडिसनची आई (प्रश्न)
आम्ही गेली १४ वर्षे न्यू जर्सीतल्या एडिसन गावात राहतो. माझ्या १६ वर्षांच्या मुलाची जन्मनोंद मुलगी म्हणून झाली होती. आपण मुलगा असल्याचे त्याने दीड वर्षापूर्वी आम्हाला सांगितले आणि आम्ही ते हळूहळू स्वीकारले. गेल्या आठवड्यात त्याच्या दप्तरात गांजाच्या अर्काचे व्हेप (ई-सिगारेटसारखे वाफ ओढण्याचे उपकरण) सापडले. विचारल्यावर, "पाचव्या तासानंतर ओढले नाही तर उरलेला दिवस निघत नाही," एवढेच तो बोलला. वर्गातली काही मुले त्याला जुन्या नावाने हाका मारतात आणि वर त्याच्या रंगावरूनही बोलतात, हे मला त्याच्या मैत्रिणीकडून कळले. शाळेला सांगावे तर निलंबनाची भीती, न सांगावे तर व्यसन वाढण्याची, अशा कात्रीत मी सापडले आहे. (पुण्यात सासूबाईंना यातले काहीच ठाऊक नाही, पण तो विषय तूर्त बाजूला ठेवते.)

शालेय समुपदेशक, कॅलिफोर्निया
ताई, तुमची भीती अनाठायी नाही. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेच्या २०१७ च्या सर्वेक्षणात दहा राज्ये आणि नऊ मोठ्या शहरी शालेय जिल्ह्यांतील सुमारे १.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपण पारलिंगी असल्याचे सांगितले. त्यांपैकी सुमारे ३५ टक्के मुलांचा शाळेत छळ झाला होता आणि सुमारे २७ टक्के मुलांना शाळेत किंवा येता-जाता असुरक्षित वाटत होते. सतत सावध राहण्याचा हा जो ताण असतो, त्याला संशोधक इलान मायर यांच्या मांडणीनुसार 'अल्पसंख्याकांचा ताण' म्हणतात, आणि नशा हा तो काही तासांपुरता बोथट करण्याचा मार्ग ठरतो. श्वेतेतर मुलांच्या बाबतीत त्यात वंशद्वेष मिसळतो. मात्र रंगामुळे मुले नशेकडे वळतात असे समजू नये, कारण अमेरिकेतील कृष्णवर्णीय किशोरांमध्ये मद्यपानाचे प्रमाण एकंदरीत श्वेत किशोरांपेक्षा कमीच आढळते. निलंबनाचा बडगा मात्र कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवर त्यांच्या संख्येच्या मानाने कितीतरी अधिक पडतो.

म्हणून थेट शिस्त पाहणाऱ्या उपमुख्याध्यापकांकडे जाऊ नका. तुमच्या राज्यातील अनेक शाळांत व्यसनविषयक मदतीसाठी स्टुडंट असिस्टन्स कोऑर्डिनेटर असतात. त्यांना भेटा आणि तपशील सांगण्यापूर्वी गोपनीयतेचे नियम विचारून घ्या. कायदेशीर नावबदल झालेला नसला तरी विद्यार्थ्याने सांगितलेले नाव शाळेने वापरावे, असे न्यू जर्सीच्या शिक्षण विभागाचे २०१८ पासूनचे मार्गदर्शन आहे. त्याचा आधार घेऊन नावाची मागणी लेखी करा.

ह्यूस्टनमध्ये वाढलेला
काकू, मी स्वतः पारलिंगी पुरुष आहे आणि माझेही घर मराठीच. शाळेत असताना स्वच्छतागृहात जावे लागू नये म्हणून मी दिवसभर पाणी पीत नसे, आणि जावेच लागले तर तिथे व्हेप ओढणारी मुले भेटत. खरे सांगायचे तर, माझे जुने नाव न विचारणारी संपूर्ण शाळेतली तेवढीच मंडळी होती. मला आधी धुराची चटक लागली नाही, त्यांच्या सोबतीची लागली. त्यामुळे नुसते व्हेप काढून घेतले तर कदाचित त्याचा शाळेतला एकमेव आडोसाही जाईल. पाचवा तास कशाचा असतो, हे त्याला रागावून विचारू नका. जेवताना सहज विचारा. माझा तो तास खेळाचा होता.

शिकागोचा बाबा
वरील दोन्ही उत्तरे पटतात, तरीही गांजाकडे कमी गांभीर्याने पाहिले जाऊ नये. वाढत्या वयात त्याचा स्मरणशक्तीवर आणि एकाग्रतेवर परिणाम होतो, आणि चोरून मिळवलेल्या व्हेपमध्ये नेमके काय भरले आहे याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. शाळेशी बोलणी चालू असतानाच त्याला बालरोगतज्ज्ञांकडेही न्या, आणि त्यांना त्याच्याशी एकट्याने बोलू द्या.

शालेय समुपदेशक, कॅलिफोर्निया
शिकागोच्या दादांशी मी सहमत आहे. उपचार आणि शाळेतला बदल ही दोन्ही कामे एकाच वेळी सुरू व्हायला हवीत, नाहीतर औषध घेऊन मूल रोज त्याच खोलीत परत जाते.

एडिसनची आई
काल रात्री विचारले. पाचवा तास खेळाचाच आहे, आणि कपडे बदलण्यासाठी त्याला अजून मुलींच्याच खोलीत पाठवतात. हे मला दीड वर्षात एकदाही विचारावेसे वाटले नव्हते. कोऑर्डिनेटर बाईंची सोमवारची वेळ मिळाली आहे. पत्राचा मसुदा तो आणि मी मिळून लिहीत आहोत.