मदत हवी आहे: एनजिनएक्स वेब सर्व्हरला भारतातली सगळी माणसं परदेशी वाटतायत

मंडळी, जरा बघा कोणाला काही सुचतंय का. चुलतभावाची हापूसची साइट आहे, रत्नागिरीहून पेट्या पाठवतो. त्याला एवढंच हवंय की भारतातून कोणी आलं तर रुपयातले दर आणि पिनकोडचा फॉर्म दिसावा, बाहेरून आलं तर नुसतं चौकशीचं पान, आणि अ‍ॅडमिनचं लॉगिन भारताबाहेरून बंदच, कारण रात्रभर कुठून कुठून लोक पासवर्ड ठोकत बसलेले असतात.

उबुंटू, एनजिनएक्स, जिओआयपी२ मॉड्यूल (आयपी म्हणजे इंटरनेट पत्त्यावरून देश ओळखणारं) लोड होतंय. डेटाबेस मॅक्समाइंडचा फुकटवाला जिओलाइट२ कंट्री (त्याला आता अकाउंट काढून लायसन्स की लागते, जुन्या ब्लॉगांवरच्या थेट डाउनलोड लिंका २०१९ संपता संपता बंद झाल्या, त्यात वेळ घालवू नका). मॅप (देशावरून पान ठरवणारा नियम) कॉन्फिगच्या एचटीटीपी ब्लॉकमध्येच आहे, आयएन हा भारताचा कोड आलं तर देशी नाहीतर परदेशी. कॉन्फिग टेस्ट ओके. घरच्या ब्रॉडबँडचा आयपी एमएमडीबीलुकअपला (डेटाबेसमध्ये आयपी शोधायचं टूल) दिला तर बरोब्बर आयएन सांगतं, म्हणजे डेटाबेस ठीकच म्हणायचा, तरी साइट उघडली की परदेशी पान, चिपळूणच्या मामांना पण तेच, आणि अ‍ॅडमिनवर ४०३ (प्रवेश नाकारला). लॉगमध्ये बघावं तर सगळे आयपी १७२.७० नाहीतर १६२.१५८ ने सुरू होणारे. पुढे क्लाउडफ्लेअर आहे, म्हणजे येणारा प्रत्येक जण आधी त्यांच्या सर्व्हरवरून येतो. सीझन तोंडावर आलाय, भाऊ दर तासाला फोन करतोय 😅

प्रतिसाद १
अहो ते आयपी क्लाउडफ्लेअरचेच आहेत, तुमचा सर्व्हर गिऱ्हाइकाला बघतच नाहीये, मधल्या दलालाला बघतोय. एनजिनएक्सच्या सेट रिअल आयपी फ्रॉम या सेटिंगमध्ये त्यांच्या सगळ्या रेंज टाका (साइटवर यादी आहे, सर्व्हरला आयपीव्ही६ असेल तर त्याही), आणि रिअल आयपी हेडरला सीएफ-कनेक्टिंग-आयपी द्या (त्यात क्लाउडफ्लेअर गिऱ्हाइकाचा खरा आयपी पाठवतं). दुसरा सोर्स दिला नसेल तर मॉड्यूल सर्व्हरला दिसणारा आयपी, म्हणजे रिमोट अ‍ॅड्रेसच वाचतं, तो सुधारला की देश आपोआप सुधारतो. अजून एक, मॉड्यूलच्या रीडमीतल्या उदाहरणात डिफॉल्ट यूएस लिहिलंय, ते तसंच उचललं असेल तर ज्याचा देश सापडत नाही तो प्रत्येक जण अमेरिकन ठरतो. काढून टाका.

धागाकर्ता
भारी! मामांना रुपये दिसले, अ‍ॅडमिनही उघडलं. पण आता दुबईच्या ताईला पण रुपयेच दिसतायत?? लॉगमध्ये तिचा आयपी तर तिकडचाच आहे.

प्रतिसाद २
फास्टसीजीआय कॅश (तयार पान साठवून पुन्हा देणारी) चालू आहे ना? कॅशच्या की मध्ये, म्हणजे पान ज्या खुणेने साठतं तिच्यात, फक्त यूआरएल असेल तर पहिल्याला जे पान गेलं तेच पुढच्या सगळ्यांना जातं. की मध्ये ते देशी-परदेशीवालं व्हेरिएबल जोडा, अख्खा कंट्री कोड नको, नाहीतर प्रत्येक देशाची वेगळी कॉपी साठत बसेल. मग जुनी कॅश उडवा.

आणि ४०३ अ‍ॅडमिनपुरताच ठेवा हं, भावाने कितीही आग्रह केला तरी अख्ख्या साइटला लावू नका. गूगलबॉट (सर्चसाठी साइट वाचणारा गूगलचा प्रोग्राम) बहुतेक वेळा अमेरिकेतल्या आयपीवरून येतो, आणि साइटला फुकट सुरक्षा सर्टिफिकेट देणारं लेट्स एनक्रिप्ट एकाहून जास्त ठिकाणांहून तपासतं, त्यामुळे एचटीटीपीवाली पडताळणी असेल तर सर्टिफिकेट रिन्यू व्हायचं अडेल, ते पण नेमकं ऑर्डरी चालू असताना.

धागाकर्ता
की बदलली, कॅश उडवली, ताईला चौकशीचं पान आलं. तिने तिथूनच चार पेट्यांची चौकशी टाकलीये, आता दुबईला कशा पाठवायच्या ते भाऊ बघेल.